दुखतं आणि दुखत नाही

सकाळी सव्वादहाला कवळीबाईंनी हाताला लागलेली साच्याच्या प्लास्टरची पूड झटकली, कॉम्प्युटर उघडला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पडद्यावर लाल चौकट होती. तीत लिहिलं होतं की या पत्त्यावरून लिहिण्यास एक वर्ष मनाई करण्यात येत आहे. कारण: सततचा उपद्रव.

कवळीबाईंनी चौकट दोनदा वाचली. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली. उपद्रव हा शब्द काही केल्या हलेना.

बाई दातांच्या दवाखान्यात मागच्या खोलीत कवळ्या करायच्या. एकोणतीस वर्षं. पुढे डॉक्टर माप घेत, साचा मागे येई, आणि बाई मेणात दात रोवत बसत. मागच्या दाराने येणं, मागच्या दाराने जाणं. त्यांनी केलेल्या दातांनी किती तोंडं जेवत होती, हसत होती, बायकोशी भांडत होती, याची गणती नाही. पण त्यातल्या एकाही तोंडाला बाई ठाऊक नव्हत्या. त्यांच्या धंद्याची रीतच तशी. कवळी चांगली झाली तर ती कवळी आहे हेच कुणाला कळत नाही, मग ती कुणी केली हे विचारतंय कोण? बाईंना हे मान्य होतं. निदान त्या तसं म्हणायच्या.

मात्र तीन वर्षांपूर्वी त्यांना एक नाद लागला. सगळ्यांनी मिळून लिहायचा तो इंटरनेटवरचा ज्ञानकोश असतो ना, ज्यात कुणीही जाऊन लेख लिहितं आणि दुसरं कुणीही येऊन त्यातल्या चुका काढतं, त्यात बाईंनी 'कवळी' हा लेख उघडला. होत्या जेमतेम चार ओळी, त्यातल्या दोन चुकीच्या. बाईंचं डोकं फिरलं. त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत एका हाताने पोळी खात दुसऱ्या हाताने त्यांनी तो लेख असा काही फुलवला, की आता तो 'निवडक लेख' व्हायच्या उंबरठ्यावर होता. निवडक झाला की कोशाच्या पहिल्या पानावर येणार, अख्खा दिवस. उघडेल त्याला आधी कवळी दिसणार. उभ्या आयुष्यात बाईंची पहिली वस्तू, जी लोकांनी बघावी म्हणून समोर ठेवली जाणार होती. बाईंना ते हवं होतं. इतकं हवं होतं, की गेला महिनाभर त्यांना नीट झोप नव्हती.

आणि अडलं होतं एका वाक्यावर. बाईंनी लिहिलं होतं: 'जाणता कारागीर खालच्या पुढच्या दातांपैकी एक दात मुद्दाम किंचित वाकडा बसवतो, कारण खऱ्या तोंडात सगळे दात सरळ नसतात.' त्यावर परीक्षकांपैकी एकाने विचारलं होतं, याला आधार काय? स्वतःचा अनुभव तिथे चालत नाही, छापील पुस्तक लागतं. बाई स्वतः एकोणतीस वर्षं तो एक दात वाकडा बसवत आल्या होत्या, पण ते शिकल्या कुठे हे आठवेना. दोन आठवडे घरातलं माळ्यापासून पलंगाखालपर्यंत सगळं उचकल्यावर काल संध्याकाळी त्यांना त्यांचं शिकतानाचं जुनं पुस्तक सापडलं. पान दोनशे बारा. आता फक्त एक ओळ टाकायची होती, आज संध्याकाळी पाचच्या आत. पाच वाजले की चर्चा बंद, लेख बाद, आणि पुन्हा अर्ज एक वर्षाने.

आता कुणी म्हणेल, बाई, दुसरीकडे कुठे जाऊन ती ओळ टाका की. तिथेच तर मेख होती. बाईंनी कोशात नाव नोंदवलंच नव्हतं. नाव नोंदवलं नाही, तर तुम्ही जिथून लिहिता त्या इंटरनेटच्या जोडणीचा पत्ता तुमच्या लिखाणाखाली उमटतो. पत्ता म्हणजे चार आकडे, मधे टिंबं. तीन वर्षं लेख त्या आकड्यांनी लिहिला होता, अर्ज त्या आकड्यांनी केला होता, आणि नियम असा की उत्तरही अर्जदारानेच द्यायचं. दुसऱ्या पत्त्यावरून दिलेलं उत्तर म्हणजे कुणा भलत्याचंच उत्तर.

"पण मी केलं तरी काय?" बाई कॉम्प्युटरला म्हणाल्या, आणि 'या पत्त्याचे लिखाण' ही यादी त्यांनी उघडली.

यादीत त्यांचा कवळीवरचा मजकूर होता. आणि त्याच्या मधे मधे, आठ महिन्यांपासून, जवळजवळ रोज, 'रूट कॅनॉल' या लेखात घातलेली भर होती. बाई त्या लेखाकडे कधी फिरकल्याच नव्हत्या. मुळं शाबूत असलेल्या दातांत त्यांना रस नव्हता.

मूळ लेखात वाक्य होतं, 'ही प्रक्रिया सहसा वेदनारहित असते.' त्याच्यापुढे या पत्त्यावरून कुणीतरी लिहिलं होतं, 'दुखतं.' वीस मिनिटांनी याच पत्त्यावरून ते पुसून लिहिलं होतं, 'दुखत नाही.' दुसऱ्या दिवशी: 'दुखतंच.' तासाने: 'अजिबात दुखत नाही.' 'माझं दुखलं.' 'तुमचं दुखलं नाही, तुम्ही घाबरलात.' मधेच, 'नंबर लवकर लागला, आभारी आहे.' 'पंखा जरा जोरात लावावा.' 'खुर्ची आरामाची आहे पण पाय अधांतरी राहतात.' आणि पुन्हा, 'दुखतं.' 'दुखत नाही.' दोनशे चौदा वेळा. अगदी शेवटी, काल दुपारी: 'काउंटरवरच्या ताई गोड बोलतात, पण सात नंबर सहाच्या आधी आत गेला, हे बरोबर नाही.'

त्यानंतर मनाई.

मनाई घालणाऱ्या प्रचालकाने, म्हणजे कोशावर देखरेख करणाऱ्या माणसाने, खाली शेरा मारला होता. त्याचं तिथलं नाव 'चौथी घंटा'. शेरा असा: 'ही व्यक्ती दुपारी एक ते दोन कवळीवर अत्यंत अभ्यासपूर्ण लिहिते, आणि उरलेला दिवस स्वतःशीच भांडते. अकरा ताकिदी देऊन झाल्या. उत्तर नाही. वाईट वाटतं.'

कवळीबाईंनी डोक्याला हात लावला. हाताचं प्लास्टर केसांना लागलं.

दवाखान्याच्या पुढच्या भागात बाई वर्षातून दोनदा जात असतील. आज त्या ताडताड गेल्या. बाहेर बाकांवर पाच-सहा जण गाल धरून बसले होते. काउंटरमागे नंबरताई, म्हणजे नंबर देणारी मुलगी, टोकन लावत होती. आणि कोपऱ्यात एका टेबलावर एक कॉम्प्युटर होता. त्याच्यासमोर एक जाडजूड गृहस्थ, खाकी शर्टातले, अर्धा जबडा लोंबलेला, दोन बोटांनी टकटक करत काहीतरी लिहायच्या खटपटीत होते. वर भिंतीवर डॉक्टरांच्या सुवाच्य अक्षरात पाटी होती: 'इंजेक्शननंतर अर्धा तास खाऊ नका. बोलू नका. इथे बसून वाचा. काही सांगावंसं वाटलं तर लिहा.'

कॉम्प्युटरवर 'रूट कॅनॉल' उघडा होता.

"हे काय आहे?" बाईंनी नंबरताईला विचारलं.

"अभिप्रायाचं पान," नंबरताई म्हणाली. "आपल्या दवाखान्याचं. बाई, तुमच्या केसांना काय लागलंय?"

बाई थेट डॉक्टरांच्या खोलीत घुसल्या. डॉक्टर एका पेशंटच्या दाढेत वाकले होते आणि ड्रिलच्या सुरात सूर मिसळून गुणगुणत होते. माणूस मऊ. हात त्याहून मऊ. त्यांना जगात एकच गोष्ट सोसत नसे, 'दुखतं' हा शब्द. तीस वर्षांच्या प्रॅक्टिसनंतरही तो ऐकला की त्यांचा चेहरा पडायचा.

"डॉक्टर, बाहेरच्या कॉम्प्युटरवर ते पान कुणी लावलं?"

"कॉम्प्युटर बसवायला माणूस आला होता ना, त्याने. मी म्हटलं, रूट कॅनॉलविषयी धीर देणारं काहीतरी लावून द्या. इतकं छान पान करून दिलं, आणि पैसेही जास्त घेतले नाहीत." डॉक्टर खुशीत आले. "लोक त्यात लिहूसुद्धा शकतात. मी इथून रोज बघतो. कुणी काही चुकीचं लिहिलं तर दुरुस्त करतो. आणि गंमत म्हणजे दोन-चार दिवसांनी पान आपोआप साफ होतं. फार चांगली सोय केली आहे त्याने."

"आपोआप नाही होत ते साफ. लोक करतात. जगभर बसून. डॉक्टर, ते आपलं पान नाही. तो ज्ञानकोश आहे. ते सगळे वाचतात."

डॉक्टरांनी ड्रिल थांबवला. खुर्चीतल्या पेशंटने डोळे उघडले.

"सगळे म्हणजे?"

"सगळे म्हणजे सगळे. आपला पंखा हळू आहे, हे आता सगळ्या जगाला माहीत आहे."

"आणि वर ती पिवळी पट्टी यायची, 'तुमच्यासाठी संदेश आहे'..."

"त्या ताकिदी होत्या. अकरा."

"मला जाहिरात वाटायची," डॉक्टर क्षीण आवाजात म्हणाले. "दिसली की मी लगेच बंद करायचो."

पेशंट उघड्या तोंडाने "आँ" म्हणाला. त्यात सहानुभूती होती की नुसती दाढ, कळायला मार्ग नव्हता.

सुदैवाने कोशाची एक रीत असते. मनाई घातली तरी एक चर्चापान तुमच्यासाठी उघडं ठेवतात, तिथे तुम्ही दाद मागू शकता. साडेअकराला बाईंनी तिथे लिहिलं, की हा उपद्रव माझा नाही, दवाखान्यातल्या इतर माणसांचा आहे, आमची जोडणी एकच आहे, कृपया मनाई उठवावी. बारा मिनिटांत चौथी घंटा वाजली: 'हे मी नाही, माझ्या भावाने केलं, हे आम्ही आठवड्यातून चारदा ऐकतो. एकदा एकाने मांजराचं नाव सांगितलं होतं. विनंती नामंजूर.'

बाईंना भाऊ नव्हता. मांजर होतं, पण ते लिहीत नसे.

दुपारी त्यांनी पुन्हा लिहिलं. या खेपेला सगळं सविस्तर: अर्धा तास, बधिर जबडा, भिंतीवरची पाटी, कॉम्प्युटर बसवणारा माणूस. मग तीन वाजेपर्यंत नुसतं घड्याळ बघणं. एका कवळीचे दात बसवताना त्यांनी सुळा दाढेच्या जागी रोवला, आणि तो तसा रोवला हे त्यांना दहा मिनिटांनी दिसलं. एकोणतीस वर्षांत असं झालं नव्हतं.

तीन वाजून दहा मिनिटांनी उत्तर आलं: 'गोष्ट चांगली आहे. मीही फावल्या वेळात गोष्टी लिहितो, त्यामुळे जपून आहे. तुम्ही एकाहून जास्त माणसं आहात हे दाखवा. कसं, ते तुम्ही बघा.'

एकाच पत्त्यावरच्या माणसांनी आपण अनेक आहोत हे दाखवायचं कसं? फोटो लावता येत नव्हता, फोन करता येत नव्हता. बाईंनी डोकं खाजवलं, आणखी प्लास्टर लागलं, आणि त्या पुन्हा पुढे गेल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या त्या बाकांसमोर उभ्या राहिल्या आणि बोलल्या.

"माझी तुम्हाला एक विनंती आहे. ज्यांनी ज्यांनी या कॉम्प्युटरवर लिहिलंय, त्यांनी कबुली द्यायची. माझं एक काम अडलंय."

"काय काम?" एकाने विचारलं.

"मी कवळीवर लेख लिहिलाय. तीन वर्षं लागली. आज पाचला तो एक तर पहिल्या पानावर जाईल, नाही तर कचऱ्यात."

बाकांवरची माणसं एकमेकांकडे बघू लागली. मग सगळ्यात आधी खाकी शर्टवाले उठले. ते बस चालवायचे, त्यामुळे सगळे त्यांना ड्रायव्हरकाका म्हणत. दुसऱ्या इंजेक्शनसाठी ते दुपारी परत आले होते, त्यामुळे जबडा पुन्हा लोंबलेलाच होता. त्यांनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "ही हिहीन."

"मी लिहीन म्हणताहेत," नंबरताईने खुलासा केला, आणि कबुलीचे नंबर वाटायला घेतले. एकेकाला टोकन. सहा नंबरला सातच्या आधी, हे तिने या वेळी पक्कं बघितलं.

मग त्या चर्चापानावर कबुल्यांची रांग लागली. एका शिंपीणबाईंनी लिहिलं, 'पंख्याचं मी लिहिलं होतं, माफ करा, पण पंखा हळू आहेच.' एका बँकेतल्या गृहस्थांनी 'खुर्चीत पाय अधांतरी राहतात' हे स्वतःचं असल्याचं मान्य करून आपली उंचीही कळवली. शेजारच्या ज्या काकू नुसत्या सोबत म्हणून आल्या होत्या, त्यांनीही लिहिलं, की मी काही केलेलं नाही, पण या सगळ्यांना ओळखते. निवृत्त हेडमास्तर होते, ताठ बसणारे, मांडीवर घडी घातलेला कागद घेऊन. त्यांनी रीतसर 'महोदय' पासून सुरुवात करून सांगितलं, की वरच्या दाढेच्या उपचारावेळी त्यांनी लेखातली अतिलांब वाक्यं तोडली होती आणि ते कृत्य ते आजही योग्य मानतात. ड्रायव्हरकाकांनी शेवटी टकटक करून लिहिलं: 'दुखतं असं मी सोळा वेळा लिहिलं. कारण दुखलं.'

मागच्या खोलीत बसून बाई एकेक कबुली उमटताना बघत होत्या, आणि त्यांना हसू आवरेना. लोक त्यांच्यासाठी रांगेत उभे होते. नंबर घेऊन.

चार वाजून बावीस मिनिटांनी चौथी घंटा आली. 'नऊ आवाज आहेत, मान्य. पण भाषा बदलून लिहिणं काही अवघड नसतं. मी माझ्या एका गोष्टीत एकट्याने अख्खं वऱ्हाड बोलतं केलं होतं. क्षमस्व.'

बाईंचं हसू मावळलं. अडतीस मिनिटं उरली होती.

आणि नेमकं तेव्हाच डॉक्टरांनी दोन पेशंटच्या मधल्या वेळात आपल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर ते चर्चापान उघडलं. त्यांना बाईंना मदत करायची होती, अगदी मनापासून. पण पान उघडताच त्यांना दिसलं: 'दुखतं असं मी सोळा वेळा लिहिलं. कारण दुखलं.' बिचाऱ्यांचा इलाज चालेना. त्यांनी खाली लिहिलं: 'मी स्वतः डॉक्टर आहे. दुखत नाही.'

बाहेर ड्रायव्हरकाकांना ते दिसलं. त्यांनी टेबलाकडे खुर्ची ओढली.

'दुखतं.'

'बधिर केल्यावर दुखणं अशक्य आहे.'

'मग इंजेक्शन दुखतं.'

'इंजेक्शन म्हणजे रूट कॅनॉल नव्हे.'

मागच्या खोलीत बाई ताडकन उभ्या राहिल्या. जी भानगड मिटवायला दिवस घालवला, ती हे दोघं प्रचालकाच्या डोळ्यांसमोर, दाद मागायच्या पानावर, नव्याने घालत होते. धावत पुढे जावं तर आधी कुणाला धरायचं? त्या परत बसल्या आणि त्यांनी लिहिलं: 'कृपया दोघांनीही थांबा.' लिहून बटण दाबलं. त्याच क्षणी डॉक्टरांनी 'दुखत नाही' चं बटण दाबलं आणि ड्रायव्हरकाकांनी 'दुखतं' चं.

मग पानावर काहीच येईना. बाईंनी पुस्तक मिटलं, पान दोनशे बारावर खूण होती ती काढून टेबलावर ठेवली. उगाच आपण पुढे जायला निघालो, असं त्यांना वाटलं. मागची खोली बरी होती.

चार वाजून एकेचाळीस मिनिटांनी घंटा वाजली.

'थांबा. सगळे थांबा. चार वाजून चौतीस मिनिटं नऊ सेकंदांनी या पत्त्यावरून तीन वेगवेगळ्या जागी तीन नोंदी झाल्या. एकाच सेकंदाला. दुखतं, दुखत नाही, आणि कृपया थांबा. माणूस स्वतःशी भांडू शकतो, हे मी खूप पाहिलं आहे. पण त्याच सेकंदाला तो स्वतःला थांबवूही शकत नाही, त्याला दोन तरी हात कमी पडतील. तुम्ही किमान तीन आहात. माझी हार. मी इतका कधी हसलो नव्हतो, बायको विचारते आहे काय झालं.'

खाली अटी होत्या. रूट कॅनॉलच्या लेखाला यापुढे दवाखान्यातून कुणी हात लावायचा नाही. अभिप्रायासाठी वही घ्यावी, कागदाची. आणि नाव न नोंदवता या पत्त्यावरून लिहायला मनाई राहीलच. पण नाव नोंदवलेल्यांना वाट मोकळी केली आहे. 'ज्या कुणी कवळी लिहिली आहे, त्यांनी नाव घ्यावं. तो आकड्यांचा लेख मी त्यांच्या नावावर लावतो आणि पाचपर्यंत वाट बघतो. असा लेख लिहिणाऱ्याने चार आकड्यांमागे का लपावं, मला कळलेलं नाही.'

सुटका झाली होती. फक्त एक चौकट भरायची: नाव. बाईंनी बोटं बटणांवर ठेवली, आणि ती तिथेच राहिली. खरं नाव द्यायचं धाडस होईना. खोटं द्यावंसं वाटेना. कवळीबाई म्हणावं, तर ते लोकांनी ठेवलेलं. चार शेहेचाळीस झाले. चार एकोणपन्नास.

दारावर टकटक झाली. हेडमास्तर होते, हातात तो घडीचा कागद.

"नंबरताई म्हणाल्या डॉक्टर मोकळे नाहीत, कवळीचं काही असेल तर मागे जा. ही खालची कवळी आपणच केलीत का? अकरा वर्षं झाली."

"दाखवा," बाई सवयीने म्हणाल्या.

त्यांनी ओठ खाली केला. बाईंनी एका नजरेत ओळखलं. डावीकडून दुसरा, किंचित आत वळलेला.

"मीच केली."

"अरे वा. मी अकरा वर्षं डॉक्टरांचे आभार मानत होतो." हेडमास्तर ओशाळले. मग त्यांनी कागद उलगडला. "कवळी उत्तम आहे. हे मी आधीच सांगतो. फक्त एक दात जरा वाकडा बसला आहे. आपल्या हातून नजरचुकीने झालं असेल. लेखी तक्रार कधीची लिहून ठेवली होती, पण द्यायचा संकोच वाटायचा. इतकं चांगलं काम, आणि त्यात खोट काढायची म्हणजे..."

कवळीबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, आणि चौकटीत नाव लिहिलं: वाकडा दात.

"सर, दोन मिनिटं बसा. मला एक उत्तर द्यायचंय, मग तुमचं बघते."

हेडमास्तर स्टुलावर बसले. परक्याचं लिखाण वाचायचं नाही हे त्यांना कळत होतं, पण चाळीस वर्षं वह्या तपासलेल्या माणसाची नजर कुठवर आवरणार? त्यांनी पडद्यावरचं ते वाक्य वाचलं. जाणता कारागीर. मुद्दाम. किंचित वाकडा. कारण खऱ्या तोंडात सगळे दात सरळ नसतात. मग त्यांनी बाईंना पुस्तकाचं नाव टाकताना पाहिलं, वर्ष टाकताना पाहिलं, आणि पान दोनशे बारा. चार सत्तावन्नला बाईंनी बटण दाबलं आणि खुर्चीत मागे टेकल्या.

"हां, सर. तुमची तक्रार."

पण स्टूल रिकामं होतं. हेडमास्तर निघून गेले होते, कागद घेऊन.

नवव्या दिवशी कवळी पहिल्या पानावर आली. डॉक्टरांनी त्या दिवशी सगळ्या दाढा न गुणगुणता काढल्या, कारण मधे मधे ते पेशंटला लेख वाचून दाखवत होते. ज्यांचं तोंड उघडं होतं त्यांना नाही म्हणायची सोय नव्हती. ड्रायव्हरकाका मुद्दाम वाट वाकडी करून आले, त्यांनी पडद्यावरचा कवळीचा फोटो बघितला आणि बाईंना सांगितलं, की आता दात पडायची भीती वाटत नाही. पंखा दुरुस्त झाला होता. कोपऱ्यातला कॉम्प्युटर उचलून त्या जागी जाड पुठ्ठ्याची वही ठेवली होती, दोरीने बांधलेलं पेन, आणि आत नंबरताईने पट्टीने आखलेले तीन रकाने: तारीख, अभिप्राय, केलेली कार्यवाही.

संध्याकाळी सगळे गेल्यावर बाई पुढे आल्या आणि त्यांनी वही उघडली. पहिली नोंद टकटक न करता, मोठ्या अक्षरात होती: 'दुखतं. पण थोडं.' तिच्यासमोर कार्यवाहीत डॉक्टरांनी लिहिलं होतं: 'थोडंच.'

खाली वळणदार अक्षरात आजची तारीख होती, आणि लिहिलं होतं: 'अकरा वर्षं मनात ठेवलेली माझी तक्रार मी मागे घेत आहे. सकाळी आरशात बघितलं. तरुणपणी माझा तोच दात तसाच होता, हे मी विसरलो होतो. आपण तो न बघताच बसवलात.'

पुढचा रकाना मोकळा होता. कवळीबाईंनी हात पुसले, पेन घेतलं. मग त्यांनी लिहिलं, 'दात तसाच ठेवला आहे,' आणि खाली सही केली, या वेळी पूर्ण नावाने. मग दिवे मालवून त्या पुढच्या दाराने घरी गेल्या.